ठेक्यात दडलेले नाते : हार्डकोर पंक आणि हेवी मेटल

1998 साली मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा 'गॅरेज इंक.' हा दुहेरी संग्रह बाजारात आला, तेव्हा मी पुण्यात शिकत होतो आणि महिन्याच्या खर्चातून वाचवलेल्या पैशांतून कॅसेटी विकत घेत होतो. या संग्रहात मेटॅलिकाने स्वतः रचलेले एकही गाणे नाही. ज्यांचे संगीत ऐकून ही मंडळी घडली, त्यांची गाणी त्यांनी येथे आपल्या पद्धतीने वाजवली आहेत. पहिल्या भागाचे पहिले गाणे डिस्चार्ज नावाच्या एका इंग्लिश बँडचे आहे, त्याच भागाचे शेवटचे गाणेही डिस्चार्जचेच आहे आणि दुसऱ्या भागाची अखेर मोटरहेडच्या चार गाण्यांनी होते. मधल्या जागेत ब्लॅक सॅबाथ आहेत, डायमंड हेड आहेत, मिसफिट्स आहेत, किलिंग जोक आहेत. कॅसेटच्या घडीच्या कागदावरची ती बारीक अक्षरांतली नावे मी इतक्या वेळा वाचली की कागद घडीवरच फाटला.

तोवर माझी समजूत अशी होती की हेवी मेटल हे एक घराणे आहे आणि पंक हे त्याचे हाडवैरी. मेटलवाल्यांचे केस लांब, पंकवाल्यांचे कापलेले. मेटलमध्ये तासन्‌तास रियाज करून बसवलेले गिटारचे एकल वादन, तर पंकमध्ये ज्याला गिटार नुकतीच धरता येऊ लागली आहे त्यानेही मंचावर चढावे हा आग्रह. अशा परिस्थितीत जगातला सर्वांत मोठा मेटल बँड आपल्या वडीलधाऱ्यांची यादी एका पंक बँडच्या नावाने सुरू करतो, याचा मला उलगडा होईना. तो करून घेण्यासाठी पुढची कित्येक वर्षे मी जे ऐकले आणि ड्रमवर बसून जे वाजवून पाहिले, त्यावरून माझे एक ठाम मत बनले आहे. या दोन संगीतप्रकारांचे नाते गिटारच्या आवाजात, गाण्यांच्या विषयांत किंवा कपड्यांत शोधायला गेले की ते हाती लागत नाही, कारण ते खरे तर ठेक्यात आहे. जे काही देणे-घेणे झाले, ते आधी ड्रमवाल्यांनी केले.

मेटलची सुरुवात बर्मिंगहॅमची. ब्लॅक सॅबाथचा पहिला संग्रह 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा सतराव्या वर्षी पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम याच हाताला करावे लागे. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे 1971 पर्यंत तारांचा ताण कमी करून सूरही खाली आणला. मेटलचे वजन असे एका जखमेतून आले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगितली जावी अशीच आहे. परंतु त्याच बँडचा ड्रमवादक बिल वॉर्ड हा जॅझच्या वळणाचा होता, त्याचे हात सैल पडत आणि त्यामुळे सॅबाथचा ठेका जड असूनही झुलता राहत असे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी पंक आले आणि त्याने हे सगळे जड सामान बाहेर टाकले. रामोन्स या पंक बँडचा जॉनी रामोन गिटारवर फक्त खालच्या दिशेने आघात करत असे, वर जाताना तार सोडून देत असे. त्यामुळे प्रत्येक आघाताला सारखाच जोर मिळे. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचा उजवा हात हा पुढे मेटलमधला सर्वांत दरारा असलेला हात ठरला, आणि त्यानेही ही चाल जॉनी रामोनकडूनच उचलली. गिटारच्या बाजूने झालेल्या देण्या-घेण्यात मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेही लयीचेच आहे, सुरांचे नाही.

मोटरहेड हा या साऱ्या कथेचा बिजागर आहे. लेमी किल्मिस्टरने 1975 साली हॉकविंड या रॉक बँडमधून काढून टाकल्यावर हा बँड उभा केला. त्याचे केस लांब होते, दाढीमिशा होत्या, आवाज कर्कश होता आणि बास गिटार तो साध्या गिटारसारखी छेडत असे. मेटलवाले त्याला आपला म्हणत. त्याला मात्र आपले नाते ज्यूडास प्रीस्ट या मेटल बँडपेक्षा डॅम्न्ड या पंक बँडशी अधिक जवळचे वाटे, आणि डॅम्न्डला गरज पडली तेव्हा तो त्यांच्यासोबत बास वाजवायलाही उभा राहिला होता. 1979 साली मोटरहेडचे 'ओव्हरकिल' आले. त्याचे शीर्षकगीत ड्रमवरच सुरू होते. फिल टेलरने दोन्ही पायांनी दोन बास ड्रम अखंड चालवले आहेत, कोठेही श्वास न घेता. गाणे संपले असे वाटते आणि ते पुन्हा उठते. पुन्हा संपते, पुन्हा उठते. पहिल्यांदा ऐकताना मला गावाकडच्या यात्रेत मध्यरात्री बंद पडता पडता पुन्हा पेटणाऱ्या हलगीची आठवण झाली होती आणि ती तुलना आजही मला सोडवत नाही. पुढच्या मेटलमधले दोन बास ड्रमचे जे अफाट साम्राज्य आहे, त्याचा एक मुख्य झरा हा आहे. आणि त्याच गाण्याचा वेग मात्र पंकचा आहे.

आता डिस्चार्जकडे येतो. स्टोक-ऑन-ट्रेंट हे इंग्लंडमधले मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तिथल्या पोरांनी 1977 मध्ये हा बँड काढला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या स्थानिक कंपनीचे नावही 'क्ले', म्हणजे चिकणमाती, असेच होते. 1982 साली आलेल्या 'हिअर नथिंग, सी नथिंग, से नथिंग' या संग्रहात चौदा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्धा तासही चालत नाहीत. शब्द अगदी मोजके, विषय बहुतेक वेळा अणुयुद्ध आणि त्यात होरपळणारी माणसे. युद्धावर ब्लॅक सॅबाथनेही 1970 मध्ये गाणे केले होते, पण ते जवळजवळ आठ मिनिटांचे होते आणि त्यात सेनापती होते, चेटकिणी होत्या, अखेरचा न्यायनिवाडा होता. डिस्चार्जच्या गाण्यात दोन-चार ओळी येतात, त्याच पुन्हा येतात आणि गाणे तुटते. ते ऐकून सुटका झाल्यासारखे वाटत नाही.

या बँडने जो ठेका रूढ केला, त्याला आज जगभर 'डी-बीट' म्हणतात. त्यातला 'डी' म्हणजे डिस्चार्ज. तो येथे सविस्तर सांगितला पाहिजे, कारण माझे सगळे म्हणणे त्याच्यावरच उभे आहे.

आठ मात्रा मोजा. रॉकमधल्या नेहमीच्या ठेक्यात पायाखालचा बास ड्रम पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो आणि हाताने वाजवायचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. धुम्, टाक्, धुम्, टाक् असा तो सरळ चालतो. त्यावर सैन्य चालवता येईल. डी-बीटमध्ये स्नेअर आपल्या जागी, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवरच राहतो. बास ड्रमही पहिल्या मात्रेवर पडतो. पण पाचवी मात्रा तो सोडून देतो आणि तिच्या अलीकडे चौथ्या व पलीकडे सहाव्या मात्रेवर पडतो. बोल म्हणायचे तर 'धुम्, –, टाक्, धुम्, –, धुम्, टाक्, –' असे होतात. बरोबर मधोमध, जिथे पाय टेकेल अशी अपेक्षा असते, तिथे जमीनच नसते. ठेका त्या पोकळीवरून उडी मारून जातो आणि प्रत्येक आवर्तनात पुन्हा तीच उडी मारत राहतो. म्हणून ऐकणाऱ्याला सतत पुढे ढकलल्यासारखे होते, उतारावर धावताना पाय आपोआप पडावेत तसे.

लहानपणी मी मध्यमा परीक्षेपर्यंत तबला शिकलो. हा ठेका पहिल्यांदा मांडीवर वाजवून पाहताना माझे बोट पाचव्या मात्रेशी थबकले, कारण केहरव्याची खालीही पाचव्याच मात्रेवर येते. तिथे बायाचा घुमारा थांबतो आणि नुसता दायाँ बोलतो. डी-बीटमध्ये त्या जागी बास ड्रम थांबतो आणि नुसती झांज वाजत राहते. यात देवघेव काहीच नाही, हा निव्वळ योगायोग आहे, आणि इंग्लंडमधल्या त्या पोरांनी केहरवा ऐकला असेल असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु आमचे गुरुजी जे नेहमी सांगत, की खाली म्हणजे रिकामी जागा नव्हे, ती समेची ओढ लावण्यासाठी असते, ते मला डिस्चार्जच्या निमित्ताने पुन्हा समजले. या संगीताला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांनी ही एक मात्रा कान देऊन ऐकावी, एवढीच माझी विनंती आहे.

या ठेक्यामागे मोटरहेडचा वेग आहे, हे त्या पिढीच्या इंग्लिश पंकवाल्यांनी कधी लपवले नाही. म्हणजे मेटलच्या कडेवर उभ्या असलेल्या बँडकडून वेग पंककडे गेला, तिथे त्याचा सांगाडा उरेपर्यंत तो खरवडला गेला आणि मग तो पुन्हा मेटलकडे परतला. स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडांनी डिस्चार्जचे ऋण उघड मान्य केले. स्वीडनमध्ये तर डी-बीट जणू घरचाच झाला. अँटी सिमेक्ससारखे पंक बँड त्यावर उभे राहिले आणि 1990 मध्ये आलेल्या एन्टूम्बडच्या पहिल्या संग्रहात तोच ठेका डेथ मेटल या मेटलच्या अधिक उग्र प्रकाराच्या दाट, करवतीसारख्या गिटारखाली धावताना ऐकू येतो. मेटॅलिकाच्या त्या दुहेरी संग्रहाची सुरुवात डिस्चार्जने का झाली, हे मला तेव्हा कळले.

अमेरिकेतली कथा वेगळी आहे, कारण तिथे हार्डकोरला, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक रूपाला, स्वतःचा वेग स्वतःच सापडला. वॉशिंग्टन डी.सी.चा बॅड ब्रेन्स हा चार कृष्णवर्णीय तरुणांचा बँड आधी जॅझ-फ्यूजन वाजवत असे. त्यांची बोटे तयार होती, लयीचे भान पक्के होते, आणि त्या तयारीनिशी ते पंककडे वळले तेव्हा 1980 मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतच असा वेग आला की बाकीच्यांना त्यांच्यामागे धावावे लागले. पंक म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांचे संगीत, हा समज किती उथळ आहे हे दाखवायला हा एक बँड पुरेसा आहे. त्यांना ऐकत त्याच शहरात मायनर थ्रेट उभे राहिले आणि तीन वर्षांच्या आयुष्यात हार्डकोरचे व्याकरण लिहून गेले.

हा वेग मेटलमध्ये नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत स्लेयर या अमेरिकी मेटल बँडचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो. गिटारवादक जेफ हॅनमन हा हार्डकोरचा वेडा होता. त्याने ते आपल्या बँडमधल्या इतरांना ऐकवले आणि ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डोने ते आपल्या हातापायांत मुरवून घेतले. 1986 च्या 'रेन इन ब्लड'मध्ये दहा गाणी आहेत आणि एकूण अवधी आहे सुमारे 29 मिनिटे. कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा संग्रह मावत असे. ती उलटवली की तोच पुन्हा पहिल्यापासून. आदल्या पंधरा वर्षांत मेटल लांबत चालले होते, त्यात कथा आल्या होत्या, प्रस्तावना आणि उपसंहार आले होते. स्लेयरने ते सगळे छाटले. सूर आणि विषय पूर्णपणे मेटलचे ठेवले, आणि मांडणीतला हा आखडलेपणा मात्र हार्डकोरकडून घेतला. पुढे 1996 मध्ये त्यांनी हार्डकोर आणि पंक गाण्यांचा एक स्वतंत्र संग्रहच काढला. पण ऋणाची खरी फेड 1986 मध्येच झाली होती, असे मी मानतो.

उलट्या दिशेने काय गेले? मेटलकडून हार्डकोरने मंद गती घेतली, आणि ही गोष्ट मला वेग घेण्यापेक्षाही अधिक धाडसाची वाटते. कॅलिफोर्नियाचा ब्लॅक फ्लॅग हा अमेरिकी हार्डकोरचा अग्रणी बँड. 1984 साली त्यांचा 'माय वॉर' आला. पहिली बाजू श्रोत्यांच्या अपेक्षेप्रमाणे धावते. तबकडी उलटवली की दुसऱ्या बाजूवर फक्त तीन गाणी लागतात, प्रत्येक सहा मिनिटांहून मोठे, ब्लॅक सॅबाथपेक्षाही सावकाश ओढलेले. ज्या श्रोत्यांनी वेगालाच धर्म मानले होते, त्यांना हा विश्वासघात वाटला. बँडने केस वाढवले होते, हेही त्यांना खुपले. पण विलंबित लयीत ठेका सांभाळणे किती कठीण असते, हे ज्याने एकदा तरी विलंबित एकताल धरला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. दोन आघातांमधले अंतर वाढले की प्रत्येक आघाताला आपली जागा स्वतःच सिद्ध करावी लागते. ब्लॅक फ्लॅगने संताप तोच ठेवला आणि तो पळून जाण्याची वाट बंद केली. वॉशिंग्टन राज्यातल्या मेल्विन्ससारख्या बँडांनी याच बाजूवरून धडे घेतले.

मेटलकडे जाणारी प्रत्येक वाट अशी फळली नाही. 1986 मध्ये, ज्या वर्षी स्लेयर आणि मेटॅलिका डिस्चार्जच्या शिकवणीवर आपले सर्वोत्तम काम करत होते, त्याच वर्षी खुद्द डिस्चार्जने 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड' हा संग्रह काढला. त्यात त्यांनी आपला ठेका सोडला, गायकाने उंच, ताणलेल्या आवाजात गायला सुरुवात केली आणि त्या काळच्या झगमगीत हार्ड रॉकची वाट धरली. श्रोते खवळले, प्रयोगांत त्यांच्यावर वस्तूंचा मारा झाला. मी हा संग्रह मन मोकळे ठेवून अनेकदा ऐकला आहे. त्यात गिटार मेटलची आहे, आवाज मेटलचा आहे, पण पाचवी मात्रा भरून टाकलेली आहे. त्यांनी मेटलचे वरचे कपडे घेतले आणि आपला कणा टाकून दिला. ज्या मेटलवाल्यांनी त्यांचा कणा उचलला होता ते मात्र पुढे निघून गेले. डिस्चार्जवर माझे प्रेम असल्यामुळे हे लिहिताना मला वाईट वाटते.

मधल्या काळात दोन्ही प्रकारचे श्रोते एकाच सभागृहात येऊ लागले होते, आणि सुरुवातीला ते काही प्रेमाने आले नव्हते. लांब केस आणि कापलेले केस यांच्यात मारामाऱ्या होत. कॅलिफोर्नियात बर्कलीमधल्या 'रुथीज इन'सारख्या जागी थ्रॅश मेटल, म्हणजे वेगवान मेटल, आणि हार्डकोरचे बँड एकाच मंचावर वाजवू लागले तेव्हा हळूहळू ओळख वाढली. ह्यूस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या डी.आर.आय.ने पहिल्या छोट्या तबकडीवर 22 गाणी कोंबली होती; याच बँडच्या 1987 मधल्या संग्रहाचे 'क्रॉसओव्हर' हे नाव पुढे या संपूर्ण मिश्र प्रकाराला मिळाले. न्यूयॉर्कमध्ये अँथ्रॅक्स या मेटल बँडच्या दोघांनी मिळून एस.ओ.डी. हा बँड काढला. त्याची गाणी गाजली, पण त्यांतल्या शब्दांतली हेटाळणी मला कधीच पटली नाही.

न्यूयॉर्कविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण तिथे आपल्याकडची एक गोष्ट खरोखरच या संगीतात उतरली आहे. क्रो-मॅग्स या बँडचा 1986 मधला पहिला संग्रह आहे 'दि एज ऑफ क्वॉरल'. क्वॉरल म्हणजे कलह. कलहाचे युग म्हणजे आपले कलियुग. बँडचा गायक जॉन जोसेफ आणि बास वाजवणारा हार्ली फ्लॅनगन हे दोघेही हरे कृष्ण पंथाच्या प्रभावाखाली होते. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांनी 1966 मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये सेकंड अव्हेन्यूवरच्या 26 क्रमांकाच्या एका दुकानगाळ्यातून या पंथाची सुरुवात केली होती. हार्डकोरचे न्यूयॉर्कमधले माहेरघर असलेला 'सीबीजीबी' हा क्लब तिथून चालत काही मिनिटांवर होता; तो 2006 मध्ये बंद झाला. त्या वस्तीत घर सोडून आलेली, उपाशी, रस्त्यावर राहणारी पोरे होती आणि जवळच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये त्यांना पंथाचा प्रसाद फुकट मिळत असे. ज्या मुलांच्या वाट्याला हिंसाच आली होती, त्यांना 'हे कलियुग आहे' हे स्पष्टीकरण पटले यात मला नवल वाटत नाही. आजीच्या तोंडी येता-जाता असलेला शब्द अणुस्फोटाचे चित्र असलेल्या मुखपृष्ठावर पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो संग्रह हातात धरून बसलो होतो. पुढे शेल्टर आणि 108 या बँडांनी हा धागा आणखी उघडपणे नेला; 108 हा आकडा जपमाळेतल्या मण्यांचा, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

ठेक्याच्या दृष्टीने क्रो-मॅग्सचे महत्त्व वेगळे आहे. हार्डकोरच्या वेगाने गाणे धावत असते आणि मध्येच लय एकदम निम्म्यावर येते, गिटारच्या तारांवर तळहात दाबून आघात बंद, कोरडे केले जातात आणि सगळा जमाव त्या जड चालीवर हलू लागतो. याला 'ब्रेकडाउन' म्हणतात. द्रुत सोडून एकदम ठाय लयीत उतरण्यासारखे हे आहे. त्यातला तळहात दाबलेला आघात मेटलचा, थांबण्याची जागा हार्डकोरची. पुढे नव्वदच्या दशकात मेटलकोर म्हणून जो प्रवाह वाढला, त्याने याच एका युक्तीवर बरीचशी इमारत बांधली. माझ्या मते ती फार वेळा वापरली गेली. आधीचा वेग खरा नसेल तर नंतरचे मंदावणे नुसता दिखाऊपणा ठरते, आणि नंतरच्या अनेक बँडांत तेच झाले आहे.

आणि मग पुन्हा बर्मिंगहॅम. त्याच शहराच्या परिसरातल्या नेपाम डेथचा 'स्कम' हा संग्रह 1987 साली आला. त्यावर 28 गाणी आहेत आणि त्यांतले एक तर 1.316 सेकंदांचे आहे. संग्रहाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वर्षी मुद्रित झाल्या आणि मधल्या काळात बँडमधली जवळजवळ सगळी माणसे बदलली. दोन्ही बाजूंवर समान राहिलेला एकच माणूस म्हणजे ड्रमवादक मिक हॅरिस. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला शोधूनही सापडला नसता. गायक बदलला, गिटार बदलली, बास बदलला, तरी तो संग्रह एकसंध ऐकू येतो, कारण ठेका एकाचा आहे. बास ड्रम, स्नेअर आणि झांज यांचा अखंड भडिमार करणाऱ्या या वादनाला 'ब्लास्ट बीट' असे नाव पडले आणि डेथ मेटलपासून ब्लॅक मेटलपर्यंत सर्वांनी ते उचलले. दुसऱ्या बाजूवर गाणारा ली डोरियन पुढे बाहेर पडला आणि त्याने कथीड्रल हा बँड काढला, जो सॅबाथच्या वळणाचा आणि अतिशय मंद होता. एकाच माणसाच्या गळ्यातून चार-पाच वर्षांत या घराण्याची दोन्ही टोके गेली.

एवढे सगळे देवून-घेवूनही काही गोष्टी इकडच्या तिकडे गेल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. हार्डकोरमध्ये मंच आणि श्रोते यांच्यात अंतर नसते. गायक ध्वनिक्षेपक पुढे करतो आणि समोरची पोरे तो हिसकावून पुढची ओळ म्हणतात. मायनर थ्रेटच्या इयन मॅकेने आपल्या मित्राबरोबर काढलेली 'डिस्कॉर्ड' ही कंपनी आजही त्याच शहरातल्या बँडांची ध्वनिमुद्रणे स्वस्तात विकते. मेटलने हार्डकोरचा वेग घेतला, आटोपशीरपणा घेतला, अंगावर डिस्चार्जचे टी-शर्ट चढवले. पण ही राहणी काही मोजक्या बँडांचा अपवाद वगळता घेतली नाही. मेटलचा मंच उंचच राहिला. मला स्वतःला दोन्ही हवे आहेत. मोठ्या मैदानात पन्नास हजार लोकांनी एकच रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, एका सुरात गुणगुणावी यातही एक भव्यता आहे, आणि ती मी नाकारणार नाही.

आपल्याकडे ही भांडणे कधी पोहोचलीच नाहीत. 1986 पासून मुंबईत 'इंडिपेन्डन्स रॉक' हे रॉक संगीताचे संमेलन भरू लागले, धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या उघड्या सभागृहात मेटलवेडी पिढी तयार झाली, पण हार्डकोरचा असा वेगळा तंबू तिथे नव्हता. आमच्यापर्यंत दोन्ही प्रकार एकाच वेळी, एकाच दुकानातून किंवा एकाच मित्राच्या कॅसेटवरून आले. त्यामुळे 2000 नंतर मुंबईतून स्क्राइब आणि भयानक मौत यांच्यासारखे बँड पुढे आले, तेव्हा त्यांच्या संगीतात हार्डकोर कोठे संपते आणि मेटल कोठे सुरू होते हे कोणी विचारले नाही. त्यात सोय होती, तशी उणीवही होती. हातातल्या वस्तूचे दोन तुकडे कधी वेगळे पाहिलेच नाहीत, तर ते कसे जोडले गेले हे कळायला उशीर लागतो. मला तर दहा वर्षे लागली.

2016 मध्ये मिसफिट्स या अमेरिकी पंक बँडचे जुने सदस्य अनेक वर्षांच्या दुराव्यानंतर एकत्र आले. त्यांच्यामागे ड्रमवर बसला होता स्लेयरचा डेव्ह लोम्बार्डो. त्याच सुमारास तो कॅलिफोर्नियाच्या सुइसायडल टेन्डन्सीज या जुन्या हार्डकोर बँडबरोबरही वाजवू लागला. तिशी उलटून गेलेल्या त्या गाण्यांना त्याच्याहून योग्य माणूस मिळाला नसता.

सध्या रविवारी सकाळी मी शेजारच्या एका मुलीला ड्रम शिकवतो. ती बारावीत आहे आणि तिला स्लेयर आवडते. गेल्या महिन्यात तिने डी-बीट शिकवायला सांगितला. हात लगेच बसले, पण पाय दर आवर्तनात पाचव्या मात्रेवर पडायचाच. इतकी वर्षे ऐकलेल्या गाण्यांनी त्याला तेच शिकवले होते. मी तिला काड्या खाली ठेवायला सांगितल्या, जमिनीवर मांडी घालून बसवले आणि टाळी-खाली दाखवत केहरवा म्हणायला लावला. 'धा गे ना ति' वर टाळी, 'न क धि ना' ला हात बाजूला. वीसेक मिनिटांनी ती पुन्हा ड्रमवर बसली. पहिली तीन आवर्तने चुकली. चौथ्यात पाय पाचव्या मात्रेवर उचललेलाच राहिला, नुसती झांज वाजली, आणि "दादा, आता?" असे ती न थांबता, वाजवता वाजवताच विचारत राहिली.